हुकूम आणि अंमल

महसूल खात्यात ज्याची हयात गेली त्याला हुकूम आणि अंमल यांच्यामधल्या अंतराचे नवल वाटू नये. मुंबईहून निघालेला कागद अमरावतीस आयुक्तांच्या कचेरीत येतो, तेथून अकोल्यास जिल्हाधिकाऱ्यांकडे, मग तहसिलीत, आणि अखेरीस एखाद्या गावच्या तलाठ्याच्या दप्तरी रुजू होतो. या प्रवासात कोणी कुचराई केली नाही, कोणी कागद उशाशी घेऊन झोपला नाही, तरीही काही काळ जातोच, आणि तो जाणार हे गृहीत धरून जो अंमलदार आपली तजवीज आगाऊ करून ठेवतो त्याच्यावर ऐन पेरणीच्या दिवसांत धावाधाव करण्याची पाळी येत नाही. सेवानिवृत्तीनंतर मी जी लहानशी, पण अंगात भलतीच धमक असलेली गाडी घेतली तिच्या इंजिनातही अशीच एक कचेऱ्यांची उतरंड बसविलेली आहे, हे ती चालवू लागल्यावर ध्यानात आले, आणि नोकरीत अंगवळणी पडलेला एक गुण निवृत्तीनंतरही कामी येतो याचे समाधान वाटले.

गाडी पुन्टो अबार्थ. जन्म पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावच्या कारखान्यात, कुळ इटालियन. २०१५ च्या ऑक्टोबरात ती बाजारात आली तेव्हा तिची किंमत दहा लाखांच्या किंचित आत होती, आणि त्या पैशांत १४५ अश्वशक्ती देणारी दुसरी लहान गाडी या देशात मिळत नव्हती. इंजिन अवघे १३६८ सीसीचे. म्हणजे आकाराने एखाद्या साध्या कौटुंबिक गाडीच्या इंजिनाएवढे, आणि सामर्थ्याने तिच्या जवळजवळ दीडपट. तिच्यावर जो विंचू विराजमान आहे तो कार्लो अबार्थ या मूळच्या व्हिएन्नाच्या गृहस्थाच्या वृश्चिक राशीचा. १९४९ साली त्याने इटलीत आपली संस्था काढली आणि १९७१ साली ती फियाटच्या हवाली केली. आमच्या शेजारच्या आजींना दारात विंचू उभा असणे मुळीच पसंत नाही, आणि कापसाच्या शेतात उभी हयात घालविलेल्या बाईने तसे म्हणावे यात गैर ते काय?

या गाडीपूर्वी आमच्या घरात वडिलांची प्रीमियर पद्मिनी होती. तीही फियाटच्याच वंशातली, मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, १०८९ सीसीची आणि कार्ब्युरेटरची. तिच्या अंगात जे काही थोडेफार बळ होते ते ती मागताक्षणी हातावर ठेवीत असे. त्यात उधारी नव्हती, बाकी नव्हती, आणि मागाहून मिळेल अशी आशाही नव्हती. पद्मिनीवर तयार झालेला पाय घेऊन मी अबार्थमध्ये बसलो, आणि रिंग रोडवर तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला, तेव्हा प्रथम काहीच घडले नाही. मग पुढे कोठेतरी एक बारीक शीळ सुरू झाली, ती चढत गेली, आणि मग आसनाच्या पाठीने मला असा काही धक्का दिला की शेजारी बसलेल्या सौभाग्यवतींनी दाराची मूठ धरली. त्या ‘काहीच घडले नाही’ला गॅरेजवाले आणि गाडीवेडे तरुण सारखेच टर्बो लॅग म्हणतात.

ही दिरंगाई येते कोठून, हे समजून घेतल्याखेरीज तिच्याशी संसार करता येत नाही. सिलिंडरमध्ये इंधन जळाल्यावर जो तप्त वायू धुराड्याकडे निघतो त्यात बरीच शक्ती फुकट जात असते. टर्बोचार्जरमध्ये तो वायू एका छोट्या पंखचक्रावर सोडलेला असतो, ते चक्र फिरते, आणि त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला बसविलेले चक्र बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनाला पुरविते. हवा अधिक म्हणून इंधन अधिक, इंधन अधिक म्हणून जोर अधिक. पाय दाबला की थ्रॉटल तत्काळ उघडतो, परंतु त्या क्षणी आत जाते ती नुसती बाहेरच्या दाबाची हवा. तिच्यातून जो थोडासा जास्तीचा वायू निपजतो तो चक्राला किंचित गती देतो. ती गती किंचित अधिक हवा आणते. ती हवा नळीतून, इंटरकूलरच्या जाळीतून, पुन्हा नळीतून, ती सर्व पोकळी भरीत भरीत सिलिंडरपाशी पोचते, आणि तेथे पुन्हा किंचित अधिक वायू निपजतो. अशा रीतीने चक्र मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ लागेपर्यंत सामर्थ्य हे सामर्थ्याच्याच पैशावर वाढत राहते, आणि ज्याच्या गाठीस मुळात काही नाही त्याला कर्ज मिळण्यास वेळ लागावा हा जगाचा न्याय येथेही चालू असतो.

या एका नावाखाली दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत होते, आणि अनेक चांगल्या चालकांचीही ती होत असल्यामुळे मी येथे जरा रेंगाळणार आहे. इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असताना पाचव्या गिअरमध्ये पाय कितीही दाबला तरी बाहेर पडणारा वायूच इतका अल्प असतो की चक्राला पुरेशी गती येत नाही; तेथे वाट पाहून उपयोग नाही, गिअर बदलला पाहिजे. उलट इंजिन ३००० फेऱ्यांवर आहे, पण पाय उचललेला होता आणि आता दाबला, तर तेथे बळ निश्चित येणार आहे. फक्त अर्धा-पाऊण सेकंद कळ काढली पाहिजे. पहिली बाब हद्दीची आहे, दुसरी मुदतीची. हद्दीबाहेरच्या प्रकरणात मुदत मागणारा वकील जितका हास्यास्पद, तितकाच १५०० फेऱ्यांवर पाय दाबून बसणारा चालक. आता माहितीपत्रक घ्या. त्यात छापलेले असते की २१२ न्यूटन मीटरचा पूर्ण जोर २००० फेऱ्यांपासून मिळतो. हे खोटे नाही. परंतु तो आकडा इंजिन चौकटीवर बांधून, २००० फेऱ्यांवर स्थिर धरून, सर्व नळ्या भरल्यानंतर मोजलेला असतो. आणि रस्त्यावर इंजिनाला स्थिर कोण धरतो? तेथे २००० चा काटा ओलांडून गाडी पुढे जाते तेव्हा बळ अजून वाटेत असते, आणि माझ्या अनुभवाने ते खऱ्या अर्थाने रुजू होते तेव्हा काटा २५०० च्या पलीकडे गेलेला असतो.

ही युक्ती काही आजची नव्हे. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली तिचे पेटंट घेतले. १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने विमानाचे लिबर्टी इंजिन कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या १४,००० फुटांच्या शिखरावर नेऊन, विरळ हवेतही टर्बोच्या योगे इंजिनाचे बळ राखता येते हे सिद्ध केले. पुढे जहाजांनी आणि रेल्वेने तिला आश्रय दिला, कारण त्यांना घाई नसते. आम्हा अकोलेकरांना तर ती दिसत होती, फक्त नाव ठाऊक नव्हते. खंडव्याहून अकोटमार्गे येणारी आणि पूर्णेकडे जाणारी मीटर गेज जेव्हा नांदती होती तेव्हा तिच्यावर वायडीएम-४ जातीची १४०० अश्वशक्तीची डिझेल इंजिने चालत. मीनाक्षी एक्सप्रेस अकोल्याहून सुटताना चालकाने दांडा पुढे ढकलला की इंजिन एकदम काळाकुट्ट धूर ओकत असे, आणि डबे मात्र क्षणभर जागच्या जागी असत. मग धूर विरळ होई, आवाज बदले आणि गाडी निघे. तो काळा धूर म्हणजे लॅगच होता, डोळ्यांना दिसणारा. इंधन हुकमाबरोबर हजर झालेले, आणि ते जाळण्यास लागणारी हवा अजून टर्बोच्या वाटेवर; तोवर अर्धवट जळलेले इंधन काजळी होऊन आकाशात. अकोला-अकोट हा भाग २०१७ च्या प्रारंभी गेज बदलण्यासाठी बंद झाला आणि ते दृश्य गेले. पेट्रोलच्या गाडीत हवेच्या मापानेच इंधन सुटते, म्हणून तेथे धूर दिसत नाही, नुसती वाट पाहणे उरते.

शर्यतीच्या जगात टर्बो प्रथम थट्टेचा विषय झाला. १९७७ च्या जुलैत सिल्व्हरस्टोनच्या शर्यतीत रेनॉल्टने दीड लिटरचे टर्बो इंजिन असलेली पिवळी मोटार उतरविली, आणि ती वारंवार वाफ-धूर सोडून बंद पडू लागल्यामुळे इंग्रजांनी तिला पिवळी किटली म्हणून हिणविले. परंतु दोनच वर्षांनी, १९७९ साली, झाँ-पिएर जाबुईने त्याच घराण्याच्या मोटारीने दिजाँ येथे फ्रान्सची शर्यत जिंकली, आणि त्यानंतर काही वर्षांतच थट्टा करणारे स्वतः टर्बो बसवू लागले. त्या चालकांना जे शिकावे लागले ते हे, की वळणातून बाहेर पडताना बळ हवे असेल तर वळणात असतानाच पाय दाबावयास आरंभ करावा. म्हणजे जेथे गाडीला बळ नकोच आहे तेथे ते मागावे, अशा भरवशावर की ते येईल तेव्हा आपण जेथे हवे तेथे असू.

माझी सिल्व्हरस्टोन म्हणजे अकोला-दर्यापूर रस्ता. म्हैसांगच्या पुढे दोन्ही बाजूंना खारपाण पट्ट्याची सपाट काळी जमीन, मध्ये दुपदरी डांबरी, आणि तीही सरळ असून सपाट नव्हे. कारण ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा रस्ता लाटांसारखा करून सोडते, त्यामुळे १५५ मिलिमीटर पोटाखाली राखून असलेल्या गाडीने डोळ्यांत तेल घालून चालावे लागते. दिवाळीनंतर या रस्त्यावर कापसाच्या ट्रॉल्या जिनिंगकडे निघतात. कापूस दोन्ही अंगांनी इतका बाहेर आलेला की पुढचे काही दिसत नाही, मागे दिवा नाही, आणि ट्रॅक्टरवरचा गडी गाण्यात दंग. अशा ट्रॉलीला ओलांडणे ही लॅगशी जुळवून घेण्याची खरी परीक्षा. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. समोरून तेवढ्याच वेगाने ट्रक येत असेल तर दोघांमधले अंतर सेकंदाला ४४ मीटरने तुटते. पाय दाबून बळ येण्याची वाट उजव्या बाजूच्या पट्ट्यात जाऊन पाहावयाची नसते, हे ज्याला उमगले त्याने निम्मी विद्या हस्तगत केली.

उरलेली निम्मी विद्या पायाच्या पंजात आहे. ट्रॉली दुरून दिसली की मी तिच्या अंगाला भिडत नाही. दोन-तीन गाड्यांचे अंतर सोडून मागे राहतो, तेथूनच तिसरा गिअर टाकतो, काटा ३००० च्या आसपास आणतो, आणि समोरचा रस्ता मोकळा होऊ लागला आहे असे दिसताच, तो पूर्ण मोकळा होण्याच्या आधीच, पाय एक-तृतीयांश दाबतो. या वेळी गाडी फारशी वेग घेत नाही, पण शीळ सुरू होते; चक्र जागे झाले, नळ्या भरू लागल्या. शीळ ऐकू आली म्हणजे हुकूम पोचल्याची पोच आली. रस्ता मोकळा झालाच तर पाय पूर्ण दाबून चाक किंचित उजवीकडे, आणि बळ व जागा दोन्ही एकदमच हाती येतात. मोकळा झाला नाही तर पाय उचलावा, आणि मागे राखलेले अंतर आपले संरक्षण करते. हे सर्व लिहावयास जितका वेळ लागला त्याच्या शतांशात घडते, तथापि त्याचा निर्णय मात्र घडण्यापूर्वीच झालेला असतो. पद्मिनीत मी ट्रॉलीकडे पाहत असे. अबार्थमध्ये ट्रॉलीच्या पलीकडे काय येणार याकडे पाहावे लागते, आणि या एका सक्तीने माझे वाहन चालविणे जितके सुधारले तितके पूर्वीच्या साऱ्या वर्षांत सुधारले नव्हते.

अमरावती रस्त्याची गोष्ट आता निराळी. लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी थर २०२२ च्या जूनमध्ये १०५ तास ३३ मिनिटांत अखंड टाकून गिनीज बुकात नाव नोंदविले गेले, आणि ज्या रस्त्याने वर्षानुवर्षे वऱ्हाडच्या पाठीचे मणके मोजले त्यावर आज मूर्तिजापूर केव्हा मागे पडले हे कळतही नाही. असा रस्ता लॅगला निरर्थक करतो. चौपदरी मार्गावर पाचव्या गिअरमध्ये काटा स्थिर, चक्र सदैव जागे, ओलांडण्यासाठी कोणाची परवानगी नको. गाडी सुखाने जाते आणि चालकास जांभया येतात. मी अमरावतीस कामासाठी जातो तेव्हा याच रस्त्याने जातो, पण चिखलदऱ्यास जावयाचे असले की परतवाड्यापुढचा घाट लागण्याची वाट पाहतो.

घाटातली अडचण हद्दीची असते. नागमोडी वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये काटा २००० च्या खाली जातो आणि पहिला गिअर टाकावा तर इंजिन किंचाळते. शिवाय चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचीवर असल्यामुळे समुद्रसपाटीच्या मानाने तेथे हवेचा दाबच बाराएक टक्क्यांनी उणा. टर्बो ही तूट भरून काढतो, पण तो जागा झाल्यावर. झोपेत असताना इंजिन नुसते विरळ हवा पिणारे छोटे इंजिन. उपाय एकच: ब्रेक वळणाच्या बराच आधी आटोपावा, दुसरा गिअर सरळ रस्त्यावरच टाकावा, आणि वळणाच्या मध्यावर येण्यापूर्वी पायाने हलकेच मागणी नोंदवावी. मागणी जास्त झाली तर बळ वळणातच येते, आणि पुढची चाके ओढणाऱ्या या गाडीत ते सुकाणूला हिसका देऊन येते. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातला काळा चिखल डांबरावर येतो, तेव्हा हा हिसका महाग पडू शकतो. कारण उशिरा येणारे बळ निमूटपणे येत नाही, गठ्ठ्याने येते. म्हणून आषाढ ते आश्विन मी या गाडीशी पद्मिनीचा चालक म्हणून वागतो आणि काटा २००० च्या खालीच ठेवतो. त्यात कमीपणा नाही.

उन्हाळ्याचा प्रकार याहून सूक्ष्म. अकोल्याचा मे महिना पारा ४५ अंशांवर नेतो. त्या हवेची घनता १५ अंशांच्या हवेपेक्षा नऊ-दहा टक्क्यांनी कमी. त्यात वातानुकूलनाचा बोजा, त्यात इंटरकूलरच्या जाळीवरून वाहणारा वारा स्वतःच भट्टीतला, आणि तापलेल्या मिश्रणाने इंजिन ठोका देऊ नये म्हणून संगणक ठिणगी मागे ओढून बसलेला. दुपारी दोन वाजता गांधी रोडवर गाडी अशी चालते की हिच्या विंचवाची नांगी कोणी काढून नेली असावी. तीच गाडी डिसेंबरात पहाटे पातूरच्या घाटात घेऊन जावी. तीच चाके, तेच पेट्रोल, आणि शीळ अशी तत्पर की माणसाने आपल्या कौशल्याचा गर्व करावा.

आमचा मिस्त्री या विषयावर मोजकेच बोलतो. पहिल्याच भेटीत बॉनेट उघडून, नळ्यांवरून हात फिरवून तो म्हणाला, “भाऊ, हिले पयले सांगून ठेवा लागते, मंग थे मागं पाहत नाही.” त्याच्याकडे येणाऱ्या तरुणांचा आग्रह मात्र लॅग काढून टाकण्याचा असतो: संगणकाचा नकाशा बदला, बॉक्स लावा, मोठा टर्बो घाला. मोठा टर्बो लावून लॅग कमी होत नाही, वाढतो. एकाच घडणीच्या चक्राचा व्यास दुप्पट केला तर त्याचे फिरण्याविरुद्धचे जडत्व बत्तीसपट होते, हे साधे गणित. लहान चक्र लवकर जागे होते, पण वरच्या फेऱ्यांत त्याचा श्वास कोंडतो. रांजणगावच्या या गाडीत रचनाकाराने मधला मार्ग निवडला आणि थोडी दिरंगाई पत्करून वरचा जोर राखला, हा त्याचा निकाल मला मान्य आहे. दुसऱ्या काही लहान टर्बो गाड्यांनी उलटा निकाल दिला. चाकणला बनलेल्या पोलोचे टीएसआय इंजिन घ्या किंवा २०१७ सालची ९९८ सीसीची बलेनो आरएस. त्यांत बळ लवकर येते, सौम्यपणे येते आणि लवकर संपते. शहरासाठी त्या अधिक शहाण्या, हे मी तक्रारीशिवाय कबूल करतो. विजेच्या गाडीत तर हा प्रश्नच उरत नाही. पाय आणि चाक यांच्यामध्ये तेथे कोणी कारकून बसलेलाच नाही. माझा नातू तसली गाडी चालवितो आणि माझ्या गाडीत बसला की दर वेळी पाय दाबून माझ्याकडे प्रश्नार्थक पाहतो.

फियाटच्या नावाने गाड्या विकणे या देशात केव्हाच थांबले, तेव्हा अबार्थ घ्यावयाची तर जुनीच मिळेल. ज्यांना रोज जठारपेठेतून टॉवर चौकापर्यंतच जावयाचे आहे त्यांनी ती घेऊ नये. त्यांच्या वाट्यास फक्त दिरंगाई येईल, बळ कधीच नाही. ज्यांना घ्यावयाची आहे त्यांनी रंग आणि चाके मागाहून पाहावीत. प्रथम इंजिन तापू द्यावे, मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये १८०० फेऱ्यांवरून पाय पूर्ण दाबावा आणि कान टवकारावेत. शीळ एकसारखी चढत जाऊन काटा २५०० च्या पुढे गेल्यावर बळ आले तर ठीक. शिळेबरोबर फुसफुस ऐकू आली तर एखादी नळी फुटली आहे, ते काम थोडक्यात होते. मग काही मिनिटे गाडी उभी ठेवून, इंजिन चालू राखून, एकदम पाय दाबावा आणि मागे पाहावे. निळा धूर निघाला तर टर्बोतून तेल गळत असावे. किंमत कितीही उतरवून मिळत असली तरी तो सौदा करू नये.